लेबल प्रिंटर, लिनक्स आणि नानांनी न दिलेलं भंगार

मंगळवारपासून जिवाला चैन नाही... सांगूनच टाकतो.

चाकणला आमचं छोटं वर्कशॉप आहे. गाड्यांचे ब्रॅकेट बनवून मोठ्या कंपन्यांना देतो. गेल्या आठवड्यात मी हौसेने ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर विंडोज काढून लिनक्सवर नेले... म्हणजे आतून कुणालाही बघता-बदलता येणारी फुकटची सिस्टिम. एक तेवढा फारच जुना होता, तो तसाच भंगारात द्यायला स्टोअर सांभाळणाऱ्या नानांना सांगितलं. वर सगळ्यांना फुकटचं व्याख्यान... ज्याच्या आत आपल्याला हात घालता येत नाही, ते यंत्र आपलं नाही वगैरे.

मंगळवारी नव्या कंपनीला पहिला माल जायचा होता. वर्षभर मागे लागून मिळवलेली ऑर्डर. प्रत्येक पेटीवर बारकोडचा स्टिकर हवा, नाहीतर माल गेटवरूनच परत. टेम्पो भरून उभा... आणि लेबल प्रिंटर ढिम्म. शहाण्याने नेमका तोच तपासला नव्हता.

प्रिंटरवाल्यांना फोन लावला. लिनक्सला सपोर्ट नाही. मग माहिती तरी द्या, प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आम्ही लिहून घेतो... तीही देता येत नाही म्हणे. वस्तू आपण विकत घ्यायची, पण तिच्या पोटात काय आहे ते विचारायचं नाही. डोकं सणकलं.

चारला गेट बंद होणार. पहिलाच माल चुकला तर दुसऱ्यांदा कोण उभं करणार? मी टेम्पो ते टेबल नुसत्या येरझारा घालत होतो.

तेवढ्यात नाना जवळ आले. "दादा, रागावनार न्हाई ना? त्यो जुना कॉम्प्युटर म्या दिलाच न्हाई."

स्टोअरमध्ये गोणपाटाखाली तो जसाच्या तसा. खंडेनवमीचं हळदकुंकू अजून अंगावर.

"पुजलेलं यंत्र हाय. वरीस फिरायच्या आत भंगारात कसं घालायचं?"

एरवी मी चिडलोच असतो. त्या दिवशी मुकाट्याने त्याला प्रिंटरची वायर जोडली. त्यात जुनं विंडोज शाबूत होतं. स्टिकर भराभर निघाले, नाना आणि मी मिळून चिकटवले. गेट बंद व्हायला दहा मिनिटं असताना टेम्पो आत गेला.

लिनक्स सोडलेलं नाही. जेवतानाही एका हाताने ड्रायव्हर शोधतोय, बायको वैतागलीय... पण व्याख्यान मात्र बंद आहे.

नानांनी त्या कॉम्प्युटरच्या आत कधी डोकावूनही पाहिलं नव्हतं. तरी ते त्याला आपलं मानत होते, म्हणून मी वाचलो. येत्या खंडेनवमीला पहिलं कुंकू त्यालाच, आणि तेही नानांच्या हातून.