दोन गाड्यांचा एक ट्रॅक्टर

बावीस वर्षांनी ट्रॅक्टरवरची ताडपत्री ओढली तेव्हा भिंगरी पुढे झाली आणि तिचा मामा दोन पावलं मागे सरकला. मी ते पाहिलं. पाहून गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, पण त्या दिवशी बसले.

मामा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेड टाकून बसलेला फिटर. बागखात्याच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं घासून निवृत्त झालेला. त्याच्या हातात नुसता एक बोल्ट द्या, तो त्या गाडीच्या सात पिढ्या सांगायचा. बोलायला गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोकांना असली माणसं फार आवडतात. मला नाही पटत. अध्यात-मध्यात नसलेला माणूस बहुतेक वेळा कशावर तरी बसलेला असतो.

ट्रॅक्टर त्याच्या वडिलांचा. कमरेएवढा, एका सिलिंडरचा, रोपांच्या वाफ्यांमधून ट्रॉली ओढायला. वडिलांची रोपवाटिका आता फिटरची थोरली बहीण चालवते. तिला सगळे रोपवाली ताई म्हणतात. भिंगरी तिची मुलगी, सव्वीस वर्षांची, पोतं पाठीवर टाकून धावते म्हणून भिंगरी. वाफ्यांमधली वाट एवढी अरुंद की आजची कुठलीच गाडी तिथं शिरत नाही. म्हणून भिंगरीला हीच हवी होती.

पण ह्याच गाडीनं तिचा बाप खाल्ला होता.

तो गोदामात कारकून होता. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस. सासऱ्यांनी गाडी उलटी घेत पाण्याच्या टाकीशी लावली होती, पिंपं भरायला. टाकी जमिनीत खोदलेली, काठ जमिनीच्या बरोबरीनं, आत दीड पुरुष पाणी. तेवढ्यात सासऱ्यांच्या छातीत कळ आली, ते खाली बसले. जावई म्हणाला, बाबा, मी घेतो पुढे. जन्मात पहिल्यांदा त्या सीटवर बसला आणि गाडीसकट मागे टाकीत गेला. भर दुपारी, लख्ख उजेडात.

पिऊन होता, असं झालं मग. दुसरं काय होणार? दिवसाढवळ्या कोण उलटा टाकीत जातो? ताईला 'दारुड्याची बायको' आणि चार वर्षांच्या भिंगरीला 'दारुड्याची पोर' ही नावं चिकटली ती चिकटलीच. पोरीची दोन ठिकाणची ठरत आलेली लग्नं त्यावर फिसकटली. ताईनं ट्रॅक्टर शेडवर टाकला तेव्हा मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मी गल्लीचे अर्ज-तक्रारी लिहिते, माझ्यासमोर बोललेलं माघारी घेता येत नाही, एवढं तिला माहीत होतं.

ती भावाला म्हणाली, "गाडी चालू कर, ते नंतर. आधी कुठली आहे ते ओळख, आणि मला सांग. त्या दिवशी गाडी खोटी होती की माणूस?"

फिटर म्हणाला, "बघू."

तो महिनाभर बघत होता. कामात खोट काढायला जागा नव्हती. पेट्रोलच्या टाकीत खडे आणि रॉकेल घालून खुळखुळवून गंज काढला. कार्बोरेटर उघडून भोकं तारेनं साफ केली. पत्रा घासला तर निळ्याखाली हिरवा निघाला आणि हिरव्याखाली लाल. "पुढचा भाग फळबागेच्या गाडीचा. लाल आहे ना, तो अस्सल," एवढं त्यानं सांगितलं. मागच्या भागाबद्दल अवाक्षर नाही. इंजिन एका दुपारी खोकत खोकत लागलं, भिंगरीनं टाळ्या वाजवल्या, आणि ह्यानं ताबडतोब बंद केलं.

"मामा, बसू दे की एकदा."

"अजून नाही."

"इंजिन लागलं, चाकं फिरतात. आता मुहूर्त बघणार आहेस का?"

"गिअरबॉक्स राहिलाय."

"मग उघड."

"तो चांगला आहे. त्याला हात लावायला नको."

मी म्हटलं, "राहिलाय म्हणतोस आणि हातही लावायचा नाही म्हणतोस. एक काहीतरी ठरव."

तो हसला. हातातला पाना पुसायला लागला. दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या लक्षात आलं की गिअरच्या दांड्याशेजारची पितळी पाटी जागेवर नाही. दांडा कुठं ढकलला की गाडी कुठं जाते, ते दाखवणारी पाटी.

"घासायला घेतलीय," फिटर म्हणाला. दोन स्क्रूंची रिकामी भोकं तेवढी दिसत होती. रोज दिसत राहिली. बोटभर पाटी घासायला आठ दिवस लागतात, हे मला तेव्हाच कळलं.

शेवटी गिअरबॉक्सच बोलला. खालून तेल गळायला लागलं. सांध्यात बसवायचं गॅस्केट हवं होतं आणि फिटर म्हणे पुढच्या आठवड्यात बघू. भिंगरीला पुढचा आठवडा हा प्रकार ठाऊक नाही. मामा जेवायला गेला तेव्हा ती आडवी होऊन गाडीखाली शिरली, गिअरबॉक्सवरच्या ओतीव आकड्यांवर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. आकडे कागदावर उमटले. "चल," ती मला म्हणाली.

जुन्या पार्टांचा दुकानदार म्हातारा होता, कपाटाआड बसलेला, चष्म्यावर चष्मा. कागद उजेडात धरून त्यानं विचारलं, "पुढून कशी आहे गाडी?"

"लाल. फळबागेची, एका सिलिंडरची."

"मग हा गिअरचा डबा तिचा नाही. दोन गाड्यांचं लग्न लावलंय कुणीतरी." त्यानं आकड्यांवर बोट ठेवलं. "हा गवत कापायच्या मशीनचा. ह्याचा दांडा उलटा असतो. पुढे ढकलला की गाडी मागे."

भिंगरीनं विचारलं, "मग पाटी?"

"पाटी बदलायला लागते ना. नाहीतर जीव जाईल कुणाचा तरी." म्हातारा कागद परत देत म्हणाला, "असली मशिनं बाजारात कधी आलीच नाहीत. फक्त बागखात्यात होती. मोडीत निघाली ती तिथूनच. कुणी बसवलाय हा?"

भिंगरीनं कागद घेतला आणि ती बाहेर पडली.  वाटेत तिला धाप लागली होती आणि ती चालत होती, धावत नव्हती.

ताई शेडवर आली होती. भिंगरीनं कागद आईच्या हातात दिला आणि म्हाताऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. फिटर कानशीनं काहीतरी घासत होता, घासत राहिला. ताई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबांचा जुना डबा फुटला होता," तो खाली बघूनच म्हणाला. "मोडीतून मी आणला. मीच बसवला, एका दिवसात. बाबांना सांगितलं, दांडा आता उलटा झाला, नवी पाटी रविवारी आणतो. बाबा म्हणाले, पाटी कुणाला हवीय? माझ्या हाताला कळतं. आपल्याकडे कोण वाचून चालवतं गाडी?"

"आणि रविवारी?"

"माझी बदली झाली त्या आठवड्यात. राहून गेलं."

राहून गेलं. असले शब्द मी सरकारी उत्तरांत पुष्कळ वाचलेत, दर वेळी डोकं फिरतं.

ताई म्हणाली, "मातीला आला होतास तू. तेव्हा कळलं होतं?"

"बाबांना विचारलं, दाजींनी पाटी वाचली का? ते म्हणाले, गप बस, तुझी नोकरी जाईल, आत जाशील. मग बाहेर ओट्यावर जाऊन त्यांनीच पहिल्यांदा म्हटलं, वास येत होता जावयाला."

म्हणजे घरातला वाचणारा तेवढा एकच माणूस, आणि वाचलं म्हणून मेला. वर दारुडा ठरला, तेही सासऱ्याच्या तोंडून.

मला वाटलं ताई रडेल, निदान हात उगारेल. तिनं पदराला हात पुसले. "पाटी कुठंय?"

फिटरनं खिशातून काढली. घासलेली नव्हती.

"लाव जागेवर. उद्या दुपारी गाडी वाटिकेत आण. टाकीशी."

"ताई, मी अर्जवालीला लिहून देतो सगळं. सही करतो."

"बोंब गल्लीभर झाली, खुलासा कानात नाही चालायचा. तू दाखवायचंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी पन्नासेक माणसं जमली होती, त्यांत 'दारुड्याची पोर' म्हणणारी निम्मी. फिटरनं गाडी टाकीकडे पाठ करून दहा पावलांवर उभी केली. टाकीतलं पाणी हिरवंकाळं, काठोकाठ. ताई मोठ्यानं म्हणाली, "पाटी वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"पुढे," तो वाचून म्हणाला आणि दांडा पुढे ढकलला. गाडी मागे आली. पाच पावलांवर त्यानं ब्रेक दाबला. गर्दीत कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. शिंप्याच्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला. काम झालं होतं. लिहून घ्यायला आणलेला कागद मी घडी करत होते.

"तो टाकीशी होता," ताई म्हणाली. "दहा पावलांवर नव्हता. अजून मागे घे."

त्यानं घेतली. पुन्हा वाचलं, पुन्हा ढकललं. मागचं चाक काठापासून हातभर अंतरावर थांबलं. ब्रेकच्या पट्ट्या करकरल्या.

"ताई, ब्रेक जुने आहेत गं."

"तूच केलेस ना? मग चांगलेच असतील."

भिंगरी म्हणाली, "आई, पुरे आता. कळलं सगळ्यांना."

"तू चार वर्षांची होतीस, तेव्हा कुणी पुरे म्हटलं होतं?"

फाटकातून आणखी सात-आठ जण आत आले, काय चाललंय विचारत. ताईनं त्यांना हातानं पुढे बोलावलं, नीट दिसेल अशा जागी उभं केलं. मग भावाकडे वळली.

"ह्यांनी नाही पाहिलं. पुन्हा."

मी 'थांब' म्हणायला हवं होतं. जन्मभर दुसऱ्यांना थांबवत आले आहे. पण बावीस वर्षं माझ्याही कानावर 'दारुड्याची पोर' पडत होतं आणि मी त्यावर कधी अर्ज लिहिला नव्हता. मी उभी राहिले.

फिटरनं गाडी पुढे घेतलीच नाही. होती तिथंच, काठापासून हातभरावर, तो पाटीवर वाकला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पुढे." आणि दांड्यावर हात ठेवला.