सर्व्हरचं येतं

मुलाखतीत मालकांनी विचारलं, "सर्व्हरचं येतं ना?" आणि मी म्हटलं, "येतं." ही शुद्ध थाप होती. मुलगी झाल्यावर सहा वर्षं घरी बसलेल्या बाईला त्या क्षणी दुसरं काय सुचणार? त्याआधीही मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करायचे. सर्व्हर नावाचा प्राणी कधी जवळून पाहिलाच नव्हता. पण नोकरी उल्हासनगरात होती, कात्रपच्या आमच्या घरापासून फार लांब नाही, आणि सासूबाई मुलीला सांभाळायला तयार होत्या. मी ही नोकरी सोडणार नव्हते.

ऑफिस जीन्स शिवणाऱ्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. मालक सिंधी, साठीचे. खालचा गाळा आधी त्यांचाच होता. पुढे ते कापड दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवायला लागले. पाच जण प्रोग्रॅम लिहायचे आणि सगळ्यांचं कोड पाण्याच्या जारशेजारी ठेवलेल्या एका जुन्या सर्व्हरवर जमा व्हायचं. त्यात हवा तो शब्द चटकन सापडावा म्हणून सर्व्हर आपणहून सगळ्याची सूची बनवत राहतो. त्याला इंडेक्सिंग म्हणतात. हे काम एका वेळी किती जणांनी मिळून करायचं तेही ठरवून देता येतं. हे 'जण' म्हणजे थ्रेड. एवढं मला इंटरनेटवर वाचून कळलं होतं, आणि एवढंच.

नोकरीच्या आठव्या महिन्यात सर्व्हर रडायला लागला. शोधायला शब्द टाकला की नुसतं चक्र फिरत राहायचं. "मॅडम, चहा पिऊन आलो तरी फिरतंयच," अंबरनाथहून येणारा आमचा सीनियर प्रोग्रॅमर म्हणाला. चार दिवसांनी नवं व्हर्जन दुकानांत जायचं होतं. माझं धाबं दणाणलं. या बाईला काही येत नाही, हे आता सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं.

सेटिंग उघडलं. थ्रेड चार. मालक मागे येऊन उभे राहिले. "अरे बेटा, माल जल्दी पाहिजे तो कारीगर वाढव ना!" मला ते इतकं पटलं की मी आठ केले, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तो आणखी मंदावला. सोळा केले. मग तर कोणाला स्वतःचं कोडही उघडेना. पाच डोकी एकदम माझ्याकडे वळली. कारीगर वाढले आणि माल थांबला, असं कुठे होतं का? खालच्या गाळ्यात तरी होत नव्हतं.

शेवटी चिडून, दातओठ खात मी एकच ठेवला. पडतोय तर पडू दे एकदाचा. आणि सर्व्हर पळायला लागला! दोन केले, आणखी बरा. तीन केले, तर सकाळी छान आणि दुपारी पुन्हा रडगाणं. मग दोनावर आणून मी हात काढून घेतला. एका कपाटात सोळा जणांनी एकदम डोकं घातलं की कोणालाच काही सापडत नाही, तसं काहीतरी असावं. पण मग एकापेक्षा दोन बरे कसे? आणि तीन दुपारीच का बिघडतात? जितकं वाचलं तितकी गोंधळत गेले. कोणी लिहिलेलं डिस्क बघा, कोणी लिहिलेलं मेमरी बघा. मी दोन्ही बघितलं. दोन्हीकडे मला नुसते आकडे दिसले.

"मॅडम, मानलं तुम्हाला! काय केलंत?" सीनियर म्हणाला, आणि बाकीच्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी हसले, पण मला स्वतःची भयंकर लाज वाटली. न येणारी गोष्ट झाकणं एक वेळ जमत होतं. तिच्याबद्दल शाबासकी घेणं काही केल्या घशाखाली उतरेना.

व्हर्जन वेळेवर गेलं. त्याच दुपारी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. "सर, ते कसं चाललं मला माहीत नाही. मुलाखतीत मी खोटं बोलले होते. मला सर्व्हरचं येत नव्हतं. अजूनही येत नाही."

ते फोनमध्ये काहीतरी वाचत होते. वर न बघता म्हणाले, "मालूम था."

"माहीत होतं?"

"अरे, ज्याला सच में येतं तो पुण्याला जातो, बंगलोरला जातो. इधर कौन आता है, बेटा? इथे जो 'येतं' बोलेल त्यालाच घ्यावं लागतं. दो पे चल रहा है ना? चलने दे."

मी बाहेर येऊन जागेवर बसले. हसावं की रडावं कळेना. नोकरी राहिली म्हणून जीव भांड्यात पडला होता, आणि त्याच वेळी डोकं असं तापलं होतं की कोणावर ओरडावं ते समजत नव्हतं. इतके महिने रोज भाजी चिरता चिरता मोबाइलवर सर्व्हरचे धडे वाचले होते, सासूबाईंना सांगितलं होतं की रेसिपी बघतेय. ऑफिसचा फोन वाजला की दचकत होते. आठ महिने मी जिवाच्या आकांताने एका अशा माणसाला फसवत होते, ज्याने मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.