‘जा’नंतरचं गरम पाणी

आमच्या बल्लारपुरात उन्हाळ्यात गिझर लागत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की त्यात थेट चहापत्ती टाकावी. पण धानाच्या कापण्या उरकल्या की हीच टाकी पहाटे बर्फाची होते आणि आमच्या घरात युद्ध पेटतं. एका बाजूला न्हाणीतला गॅस गिझर, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरातला नळ.

टाकी छताला चिकटून बसलेली, त्यामुळे पाण्याला जोर नाही. तिकडे नळ सुटला की इकडे धार बारीक होते, आणि धार बारीक झाली की गिझर फक् करून विझतो. त्यानंतर डोक्यावर जे पडतं त्याचं वर्णन मी करणार नाही. माझी किंकाळी मागच्या गल्लीत ऐकू जायची.

नळावर राज्य सासूबाईंचं. पहिल्या पाळीला जाणाऱ्या लेकाचा डबा भरून दिला की त्या भांडी घासायला घेत, आणि माझी आंघोळ नेमकी तेव्हाच.

“आई, नळ!”

“मले का मालूम तू आत हायस का निघालीस? आवाज नाई, काई नाई. चोरावानी आंघोळ करतेस.”

आवाज हवा? मला? मी मनातल्या मनात पदर खोचला.

त्याचं असं झालं होतं की त्या हिवाळ्यात आमच्या कॉलनीतल्या बायकांनी नाटक बसवायला घेतलं होतं. आमची झाडीपट्टी नाटकवेडी. कापणी झाली की गावोगाव मंडप पडतात आणि माणसं घोंगड्या घेऊन नाटकं पाहतात. मग बायकांनीच काय पाप केलंय? मला मिळाली होती आईची भूमिका, सगळ्यात मोठी. पण थंड पाणी डोक्यावरून गेलं की माझा घसा बसतो. आणि नाटक बसवणाऱ्या भाऊंनी बजावून ठेवलं होतं, “घसा बसला तर भूमिका दुसरीले.” म्हणजे गरम पाणी गेलं की रंगमंच गेला.

मग मी आंघोळीत संवाद म्हणायला सुरुवात केली. पूर्ण, खणखणीत, भिंतीपलीकडे पोचतील असे. करार साधा होता. माझा आवाज चालू तोवर नळ बंद. सासूबाईंनी तो इमानाने पाळला. त्या खरकटी भांडी तशीच ठेवून ऐकत बसायच्या. मी तर शॉवरखाली उभी राहून सरपंचाला जाब विचारायची, नवऱ्याला झापायची, एकदा तर तांब्यालाच कवटाळून रडले.

अडचण आली शेवटच्या प्रवेशात. मुलगा घर सोडून निघतो. आई दारात उभी. ती एवढंच म्हणते, “जा.” मग ती गप्प होते. बराच वेळ. मुलगा फाटकापर्यंत गेल्यावर ती म्हणते, “पण दाराची कडी मी लावणार नाही.”

मी न्हाणीत “जा” म्हटलं आणि गप्प झाले. फक्!

“आई! संपलं नव्हतं अजून!”

“अवो, पोरगा गेला ना? खेळ खतम. मंग भांडे घासू नको काय?”

रोज तेच. “जा” म्हटलं की नळ. शेवटी “जा” म्हणताच माझे खांदे आपोआप कानापर्यंत चढू लागले, आणि गारठा यायच्या आत मी पुढचं वाक्य एका दमात उरकू लागले. तालमीतही तसंच तोंडातून निघालं.

भाऊंनी कपाळावर हात मारला. “बाई, पोरगा अजून चप्पल घालून राह्यला, अन् तुम्ही कडीपर्यंत पोचल्या! तुमची गाडी सुटून राह्यली काय? उद्या नाई जमलं तर मी दुसरीले उभी करतो.”

घरी आले. माझी लेक नोकरीसाठी नागपूरला परत निघाली होती. ती पाया पडली. सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “जा.”

मी तिथेच थबकले. पाण्याने काठोकाठ भरलेली गुंडी दुसरीच्या हातात देताना आपण बोलतो ना, तसा हळू होता तो “जा”. नातीची रिक्षा वळली तरी त्या दारातून हलल्या नाहीत. आणि मी इतके दिवस भिंतीपलीकडे पोचावा म्हणून “जा” ओरडून सांगत होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा तो “जा” चोरला. अख्खा, पदरासकट. शॉवरखाली उभी राहिले, सगळा प्रवेश म्हटला आणि शेवटी हळूच म्हटलं, “जा.”

आणि थांबले. खांदे कानांकडे निघाले होते, त्यांना खाली बसवलं.

पाणी गरमच पडत राहिलं. पलीकडे भांडं वाजेना, बांगडी वाजेना. आमच्या घरात सकाळी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत मी सगळा साबण धुतला. केसही धुतले. खरं सांगते, नाटकाला लागत होतं त्याहून बरीच जास्त थांबले. मग ऐटीत कडीचं वाक्य म्हटलं.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग घोगऱ्या आवाजात प्रश्न, “झालं काय वो? आता खोलू काय नळ?”

लग्न होऊन आल्यापासून त्या नळासाठी मला कुणी परवानगी विचारली नव्हती. मी टॉवेल शालीसारखा पांघरला आणि राणीच्या थाटात म्हणाले, “खोला.”

भूमिका अर्थातच माझ्याकडेच राहिली. प्रयोग कॉलनीच्या मैदानावर, संध्याकाळी. सासूबाई पहिल्या सतरंजीवर. मी दारात उभी राहिले, हळू म्हटलं, “जा,” आणि थांबले. अख्खं मैदान थांबलं. फक्त पुढची एक बाई, नाटक संपलं समजून, चपला शोधत उठू लागली. सासूबाईंनी तिचा पदर धरून तिला खाली ओढलं. त्यांची कुजबुज मला रंगमंचावर स्पष्ट ऐकू आली.

“बस वो बाई खाली. नळ नाई खोलाचा अजून.”

बाई बसली. मी आणखी थोडी थांबले.