दादांच्या पोटातलं माप

ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्यभर सुट्या भागांची मापं तपासलेल्या माणसाला दुसऱ्याने घेतलेलं माप कधीच पटत नाही. माझे थोरले भाऊ, दादा, त्यातलेच. माझ्या लग्नात शेरवानीची बाही त्यांनी पुन्हा मोजली होती. तेव्हा आत माझा हात होता.

दादांच्या पोटातली मुख्य धमनी फुगली आहे असं कळलं तेव्हा घरचे घाबरले. दादांनी फक्त विचारलं, "किती?"

सोनोग्राफीत पाच सेंटिमीटर निघाली. साडेपाचच्या वर गेली तर फुटायचा धोका, मग ऑपरेशन, असं सर्जन म्हणाले आणि सीटी अँजिओग्राफी करायला पाठवलं. तिथे अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितल्यावर दादांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली आणि सदऱ्याच्या खिशातून मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर काढला. तंत्रज्ञ माझ्याकडे बघायला लागला.

"चष्म्यासारखं आहे ते," मी म्हणालो. "लागतं त्यांना."

रिपोर्ट आला सहा पॉइंट दोन. सर्जनांच्या केबिनमध्ये भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं, की रंग कुठला ते कळत नव्हतं. "आठवड्याभरात उरकून टाकू," ते म्हणाले.

दादा उठून सीटीचं चित्र लागलेल्या पडद्यापाशी गेले. "डॉक्टरसाहेब, नळी इथे वाकलीये ना?"

"वयाप्रमाणे वाकतेच, काका."

"आणि तुम्ही मोजलीत सरळ आडवी. वाकलेला पाइप आडवा कापला की काप लांबट येतो. नळीच्या रेषेला काटकोनात मोजा."

"काका, हे शरीर आहे. विमान नाही."

"म्हणूनच. विमानाला स्पेअर मिळतो."

मला वाटलं, आकडा खाली आणून ऑपरेशन टाळायचा हा बेत आहे. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. सर्जनांनी रेडिऑलॉजिस्टला फोन लावला, मग स्वतःच माउस घेऊन चित्र फिरवत बसले. बऱ्याच वेळाने आकडा आला: पाच पॉइंट सात. फुगीच्या वरच्या भागाचं मापही कमी भरलं. आधीच्या मापाने आत बसवायची कृत्रिम नळी एक नंबर मोठी येणार होती, ती चूक टळली.

"पण ऑपरेशन करावंच लागेल," सर्जन म्हणाले. आवाज एव्हाना बराच खाली आला होता.

"करा की," दादा बसले. "फक्त नळी आत घालण्यापूर्वी मला एकदा मोजू द्या."

"तेव्हा तुम्ही भुलीखाली असाल, काका."

हे दादांच्या ध्यानात आलं नव्हतं.  मग त्यांनी खिशातला कॅलिपर माझ्या हातात दिला. 

"वाचता येतो ना तुला?"

येत नव्हता.

"येतो," मी म्हणालो.