खंडोबानं मोडलेला संप

भंडाऱ्याचं ताट बबनपाशी आलं आणि त्यानं हात मागं घेतला.

"उचल की," दिनकर म्हणाला. दिनकर आमच्या कामगारांचा म्होरक्या. भजनात पेटी वाजवायचा, आवाज खडा.

"मी न्हाई उचलत."

"म्हंजे संपात न्हाईस?"

"संपात हाय. भंडाऱ्यात न्हाई."

देवळात सगळे बबनकडं बघायला लागले. माधवनगरला आमच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला खंडोबाचं लहान देऊळ आहे, तिथं आम्ही सगळे जमलो होतो. बेल-भंडार उचलायचा म्हणजे बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घेऊन शब्द द्यायचा. आमच्याकडं भाऊवाटणी असो नाहीतर निवडणूक, हेच चालतं. शब्द मोडला तर घराचं वाटोळं होतं म्हणतात. म्हणून कुणी मोडत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी त्या कारखान्यात जॉबर होतो. कापड विणायचा माग बिघडला की उघडायचा, दुरुस्त करायचा, हे जॉबरचं काम. गाव माझं कोरेगावकडचं, शाळा चौथीपर्यंत. हात काळे करूनच शिकलो. माझी बायको हौसा तिथंच कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडं पळतो तो धोटा, त्यात सुताची जी नळी बसते, ती कांडी.

भांडण साधं होतं. एक माणूस सहा माग सांभाळायचा. लॉकडाऊन उठल्यावर माणसं कमी आली, तेव्हा मॅनेजर म्हणाला, आता आठ सांभाळा. ऐकायला दोनच जास्त वाटतात. पण एका मागाचा धागा तुटला की तो थांबवून गाठ मारावी लागते. तेवढ्यात पलीकडं दुसरा तुटतो. तिकडं पळेपर्यंत कापडात भोक पडतं, आणि डॅमेज म्हणून ते माणसाच्याच पगारातून कापतात. शिफ्ट संपली की माणसं भिंतीला टेकून बसायची, जेवायचं सुदीक भान नसायचं. म्हणून ठरलं, सहाच माग, नाहीतर काम बंद.

सलीमभाई म्हणाला, "मी दर्ग्यावर जाऊन कसम घेतो." ते सगळ्यांना पटलं. ज्याचा त्याचा देव. मग सगळे परत बबनकडं वळले. बबन आणि त्याच्या वस्तीतले आणखी चौघं बौद्ध.

दिनकर म्हणाला, "मग तू विहारात घे शपथ."

"दिनकरदादा, बुद्ध काय साक्षीला उभा ऱ्हात न्हाई. खोटं बोलणार न्हाई, असं आमी विहारात रोज म्हणतोय. त्यात आलं की सगळं. आन शब्द मी तुमाला देतोय, देवाला न्हाई. कामावर जाणार न्हाई म्हंजे न्हाई."

"ज्याला देवाचं भ्या न्हाई, त्याचा काय भरवसा गड्या?" मागनं कुणीतरी बोललं. दोघंतिघं हसले.

बबन उठला, चपला घातल्या आणि गेला. ते चौघं त्याच्या मागं गेले.

बाहेर आल्यावर हौसा मला म्हणाली, "आवं, त्या माणसानं खोटं काय सांगितलं?" मी म्हणालो, खोटं काही नाही, पण रीत ती रीत.

संप चालू झाला. गेटच्या समोर चिंचेखाली आम्ही बसायचो. दिनकरनं बबनच्या गल्लीच्या तोंडाला दोन माणसं बसवली, कारण काय तर हा पहाटे गुपचूप कामावर जाईल. बबनला ते कळलं. तो सकाळी घरातून निघायचा, त्या दोघांना म्हणायचा, "चला, माझ्याबरूबरच चला, म्हंजे तुमाला लांबनं बघाय नको." आणि त्यांना घेऊन चिंचेखाली यायचा. चहा मात्र त्याला कुणी आपणहून देत नव्हतं. हौसाच किटली घेऊन जायची.

मॅनेजर दोनदा येऊन दम देऊन गेला. कुणी हललं नाही. मालक मात्र हुशार. त्यानं ना पोलीस आणले, ना गुंड. त्या देवळाची फरशी, कळस सगळं मालकाच्या पैशातलं. त्यानं गुरवाला बोलावून घेतलं.

एका सकाळी देवळातला स्पीकर लागला. अभिषेक आहे, सगळ्यांनी प्रसादाला यावं. देवाचं बोलावणं, नाही कसं म्हणायचं? गेलो. मालक सोवळं नेसून पुढं बसलेला. अभिषेक झाल्यावर गुरव म्हणाला, "पोरांनी रागाच्या भरात शब्द घेतलाय. देवाला कौल लावतो. उजवं फूल पडलं तर देवानं तुमाला मोकळं केलं."

कौल म्हणजे मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलं चिकटवायची आणि कोणतं आधी पडतंय बघायचं. उजवं पडलं. पाणी-दूध घातलेल्या ओल्या दगडावर फूल किती टिकणार? डावीकडचं जरा दाबून लावलं की झालं. मी उभा जन्म मशीन बघितलीय, एवढं मला कळतं. पण देवळात ते कोण बोलणार? मालकानं सगळ्यांच्या कपाळाला स्वतः भंडारा लावला. दिनकरला डोळ्याला पाणी आलं. खरंच आलं, नाटक नव्हतं. पोरीचं लग्न ठरलं होतं त्याचं. संप लांबत गेला तसा पैशाचा घोर वाढला, पण शपथ मोडायचा धाक होता. देवानंच सोडवलं म्हटल्यावर त्याला सुटल्यासारखं झालं.

दुपारच्या शिफ्टला भोंगा झाला आणि माणसं आत गेली. बबनच्या गल्लीला बसवलेले दोघं सगळ्यात पुढं.

मी घरी येऊन हौसाला म्हणालो, "देवानं मोकळं केलंय. जायचं का?"

"देवानं केलं असंल. बबननं केलंय का?" ती म्हणाली. "त्यानं शब्द आपल्याला दिलाय. त्याला इचारून या, मग जावा."

विचारायला मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? कामावर पण गेलो नाही. चिंचेखाली बबन, ते चौघं आणि आम्ही नवराबायको, एवढीच माणसं उरली. सलीमभाई दोन दिवस आला. मग त्याच्या दर्ग्याच्या मुजावरानं त्याला समजावलं, आणि तो पण आत गेला.

मॅनेजर गेटवर येऊन बबनला म्हणाला, "ते सगळे देवाला विचारून आत आले. तुम्ही कुणाला विचारणार?"

बबन म्हणाला, "म्हनून तर बाहेर हाय."

त्या पाच जणांना परत घेतलं नाही. मला बोलावणं आलं, जॉबर मिळत नव्हता म्हणून. हौसानं जाऊ दिलं नाही, आणि माझं पण मन होईना. मी विट्याला दुसरीकडं काम धरलं, घर मात्र माधवनगरलाच ठेवलं. तिला कांड्यांचं काम परत कुठं मिळालं नाही. विचारलं की म्हणायची, "बरं झालं, कान तरी शांत झाले." पण दुपारी भोंगा झाला की दारात येऊन उभी राहायची.

गेल्या वर्षी ती गेली. दिवसकार्याला दिनकर आला, पेटी घेऊन. बबन पण आला. तो विश्रामबागेत एका कॉलेजला वॉचमन आहे. दोघं शेजारी बसले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. जेवणं झाल्यावर दिनकर मला हळूच म्हणाला, "तात्या, आता धा माग देत्यात एकाला. परत काहीतरी कराय पायजे."

मी म्हणालो, "बबन बसलाय न्हवं तिथं, त्याला सांग."

दिनकरनं बबनकडं बघितलं. मग पेटी उचलली आणि गेला.

माझं देवाशी भांडण नाही. घरात रोज दिवा लावतो, हौसाचा नेम होता म्हणून. पण कामगारांनी शब्द एकमेकांना द्यावा. तो सोडवायचा तर ज्याला दिलाय त्याच्यापुढं जाऊन उभं राहावं लागतं. देवाला दिलेला शब्द सोडवायला गुरव असतो, आणि गुरवाला जेवायला मालक घालतो.