चादरीमागचं बटण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या वसंताला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही वसंताला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. तो आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरला राहतो, मुलांना विज्ञान शिकवतो. माझं साकोलीत स्टेशनरीचं दुकान आहे. दोघांना एकच खूळ — आवाजाचं. बाजारातला एकही स्पीकर आम्हाला पसंत पडेना, म्हणून शेवटी प्लायवूड आणून घरीच बनवायला घेतला. तीन भागांचा. ढोलकीच्या घुमाऱ्याला मोठा, गळ्याला मधला, आणि टाळ-घुंगरांच्या बारीक आवाजाला छोटासा ट्वीटर. प्रत्येकाला आपापला स्वतंत्र अॅम्प्लिफायर. मोठ्याला ताकदीचा हवा, मधल्याला बेताचा चालतो, यावर आमचं कधी वाजलं नाही. वाजलं ते ट्वीटरवरून.

ट्वीटरला ताकद लागत नाही, शांतता लागते. अॅम्प्लिफायर जरा जरी 'सूं' करत असला तरी ते नेमकं तिथून कानात येतं. वसंतानं त्यासाठी स्वतःच्या हातानं एक छोटा अॅम्प्लिफायर बनवला होता — आईच्या फराळाच्या स्टीलच्या डब्यात. चिवड्याचा वाससुद्धा गेला नव्हता. मी मात्र नागपूरहून नवा कोरा आणला, आणि त्याचा आवाज ऐकायच्या आधीच सगळ्यांना सांगून बसलो की याच्यापुढे वसंताचा डबा काय टिकतो! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तो नवरा मी.

ठरलं — मंडईच्या दिवशी वसंताच्या घरी निवाडा करायचा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. वसंताचे सासरे, मेहुणे, भजन मंडळातली माणसं दुपारी जेवून ओसरीवर बसली. स्पीकर पुढे, त्याच्या मागे चादर बांधलेली, आणि चादरीआड दोन्ही अॅम्प्लिफायर. मंडळाचंच एक भजन आधी एकावर लावायचं, मग दुसऱ्यावर. कोणता साफ, ते लोकांनी सांगायचं.

अशा निवाड्यात एक नियम असतो. दोन्हींचा आवाज सारखा हवा — अगदी सारखा. एक किंचित मोठा असला तरी माणसाचा कान त्यालाच चांगला म्हणतो, आणि का ते त्याचं त्याला कळत नाही. वसंताला हे ठाऊक होतं. मलाही होतं. म्हणून त्यानं सकाळीच मीटर लावून दोन्ही सारखे करून ठेवले. चादरीमागे तूच बस, असं मी त्याला म्हटलंही. तो ऐकेना.

"डबा माहा हाय. उद्या लोक म्हणतील, यानंच काही केलं. तू बस, तुह्यावर भरवसा हाय मले."

आणि मी — काय सांगू?

आधी डबा वाजला. त्या भजनात टाळाचा एक ठोका आहे, तो विरत विरत अगदी नाहीसा होईपर्यंत ऐकू आला. चादरीमागे बसल्या बसल्या मला कळलं, हाच जिंकणार. मग माझ्या अॅम्प्लिफायरची पाळी आली. मी त्याचं आवाजाचं बटण फिरवलं. नखभर. हात चुकून लागला, असं मी स्वतःला पुढे कितीदा सांगून पाहिलं! चुकून नव्हता लागला.

सगळ्यांनी दुसराच साफ म्हटला. सासरे हसत म्हणाले, जावईबापू, डब्यात आता लाडू भरा. ओसरी हसली. वसंताही हसला. मला वाटलं होतं तो भांडेल, मीटर काढेल, पुन्हा लावू म्हणेल. का नाही भांडला? बटणापाशी मी होतो म्हणून. त्यानं दोष स्वतःच्या कानांना दिला.

पाहुणे गेल्यावर त्यानं डबा माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा. आतलं सामान तुह्या कामी येईल. मले आवाजातलं समजते असं वाटत होतं बे. कायचं समजते?" स्पीकरही मलाच दिला. त्यानंतर त्यानं सोल्डरिंगला हात लावलेला मी पाहिला नाही.

घरी माझा नवा कोरा अॅम्प्लिफायर सूं करू लागला. दुकानातून दमून यावं, भजन लावावं, आणि दोन ओळींच्या मधे ती सूं. मला ते सहन होईना. एक दिवस मी तो काढला आणि वसंताचा डबा जोडला. बाजूच्या कपाटात, दार लावून — कोणाला दिसू नये असा. सूं गेली. मला स्वतःची लाज वाटली, पण डबा मी काढला नाही.

यंदा वसंता साकोलीला आला होता. त्यानं तेच भजन लावायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत बसला.

"टाळ कसा विरून राहिला पाहा ना," तो म्हणाला. "तुह्या मशीनची गोष्टच वेगळी हाय. माह्याच्यानं असं कधी झालं नसतं."

कपाट त्याच्या हाताशी होतं. त्याला कुलूपही नव्हतं.

मी त्याला विचारलं, चहा घेशील का.