टाकेबाई

टाका घालताना टाकेबाई एकच प्रश्न विचारायच्या, "कुणाला दावायला पडलास रे?"

जळकोटच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या नर्स. मूळच्या देगलूरकडच्या. आम्हा पोरांना शिवण्यातच त्यांचा अर्धा दिवस जायचा, म्हणून गावानं हे नाव ठेवलेलं. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ आला होता. रस्त्यावरून खडी-सिमेंटचे ट्रक धावायचे. शेतात काम नाही, म्हणून आम्ही सतरा-अठरा वर्षांची पोरं चढावर त्या ट्रकांना मागून लोंबकळायचो. जो लांब जाईल तो वाघ!

मी दहावीला नापास होऊन बसलेलो. एकदा हात सुटला, गुडघा फाटला. बाईंनी सुई हातात घेतली आणि विचारलं, "झोप लागती का?"

"न्हाई."

"जेवतोस का नुसती तंबाखू?"

मी खिशातली तंबाखूची पुडी हातानं झाकली.

"ट्रक सुटला की पुन्हा दहावी आठवती, व्हय ना?"

टाक्यांना मी रडलो नव्हतो. त्या बोलण्याला रडलो.

त्याच उन्हाळ्यात पाणी शेंदताना विहिरीचा काठ ढासळला आणि बारा वर्षांची रुक्मिण आत पडली. माझा दोस्त बबन सदरा काढून उडी मारायला निघाला, तेवढ्यात बाई धावत आल्या. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी!

"थांब! खाली कमरेइतकं पाणी, बाकी दगडं. उडी मारलास तर दोघांला शिवावं लागंल!"

त्यांनी दोर मागवला, माझ्या कमरेला बांधला, गाठ तीनदा ओढून पाहिली. बबनसह आठ पोरांच्या हातात दुसरं टोक दिलं. मग माझ्याकडं वळल्या, "लोंबकळायची लई हौस हाय ना? चल, आता लोंबकळ!"

मी उतरलो. वरून माती पडत होती. रुक्मिण एका दगडाला धरून उभी होती. तिनं माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की श्वास कोंडला. "वढा!" मी ओरडलो. वर आलो तेव्हा अख्खं गाव ओरडत होतं, आणि बबन सगळ्यात मोठ्यानं! घरी जाऊन मी तीन भाकरी खाल्ल्या आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो.

पुढं बाईंची लातूरला बदली झाली. मी पुन्हा दहावीला बसलो. पास झालो त्या दिवशी थेट एस.टी.नं त्यांच्या दवाखान्यात गेलो. बाईंनी माझा हात धरून खाटांमधून फिरवलं. "माझा पोरगा पास झालाय, माझा पोरगा!" हाताला प्लॅस्टर घातलेल्या एका म्हाताऱ्यानं खाटेवर एकाच हातानं टाळ्या वाजवल्या.

काही वर्षांनी बाई गेल्याचा निरोप आला. त्या आमच्या भावकीतल्या नव्हत्या, जातीतल्याही नव्हत्या. पण त्या दिवशी माझ्या आईनं चूल पेटवली नाही.